थायलंडमध्ये रिटायरमेंट व्हिसावर राहताना भारतीय पासपोर्ट रिन्यू करायचाय? आधी तारखा, मग अर्ज, मग शिक्के

थायलंडमध्ये रिटायरमेंटवर राहणाऱ्या माणसाला एक्स्टेंशनची, म्हणजे राहण्याची परवानगी दरवर्षी वाढवून घेण्याची, तारीख तोंडपाठ असते. नव्वद दिवसांचा रिपोर्ट (इमिग्रेशनला दर नव्वद दिवसांनी पत्ता कळवणं) कधी करायचा हे त्याने फोनमध्ये टाकलेलं असतं, बँकेत आठ लाख बाट शाबूत आहेत ना हेही तो पुन्हापुन्हा बघतो. पासपोर्टची मुदत मात्र दहा वर्षांतून एकदाच संपते, त्यामुळे ती सहज नजरेआड होते. आणि नेमकी तीच तारीख बाकी सगळ्या तारखांना धक्का देते, कारण थाई इमिग्रेशन पासपोर्टच्या मुदतीपलीकडे एक दिवसही राहण्याची परवानगी देत नाही. म्हणून माझं सांगणं असं, की पासपोर्ट कधी संपतो हे बघून अर्जाची वेळ ठरवू नका. तुमचं पुढचं एक्स्टेंशन कधी आहे ते बघा आणि तिथून मागे मोजत या.

तारखांचं गणित

एक उदाहरण घेऊ. समजा तुमचं एक्स्टेंशन १० मार्च २०२७ला संपतं आणि पासपोर्ट ५ ऑगस्ट २०२७ला. वरवर पाहता घाई काहीच नाही, पासपोर्टचं जून-जुलैमध्ये बघता येईल असं वाटतं. पण फेब्रुवारीत तुम्ही एक्स्टेंशनला जाता तेव्हा अधिकारी पासपोर्टचं पान उलटून मुदत बघतो आणि शिक्का मारतो तो ५ ऑगस्ट २०२७पर्यंतचा, १० मार्च २०२८पर्यंतचा नाही. फी तीच, १,९०० बाट. म्हणजे वर्षाचे पैसे भरून पाच महिने मिळाले. नवा पासपोर्ट आल्यावर जुलैमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा बँकेचं पत्र, पुन्हा रांग आणि पुन्हा १,९०० बाट. शिवाय तुमची वार्षिक तारीख मार्चवरून ऑगस्टवर सरकते ती सरकतेच.

खरी अडचण पैशांची होते, आणि ती आधी कोणी सांगत नाही. बँकेत रक्कम ठेवून एक्स्टेंशन घेणाऱ्यांसाठी नियम असा आहे, की ८,००,००० बाट अर्जाच्या दोन महिने आधीपासून खात्यात हवेत, मंजुरीनंतर तीन महिने त्यांना हात लावायचा नाही आणि त्यानंतरही शिल्लक ४,००,००० बाटच्या खाली जाऊ द्यायची नाही. वर्षभराचं एक्स्टेंशन असेल तर मधले सहा-सात महिने निम्मी रक्कम वापरायला मोकळी होते. पाच महिन्यांच्या एक्स्टेंशनमध्ये मात्र मंजुरीनंतरचे तीन महिने संपतात न संपतात तोच पुढच्या अर्जाआधीचे दोन महिने सुरू होतात. आठच्या आठ लाख जागेवर अडकून राहतात. त्या पैशांतून कोणाचं ऑपरेशन किंवा भारतातलं एखादं लग्नकार्य करायचं ठरवलं असेल, तर सगळी आखणी विस्कटते.

वरच्या उदाहरणात योग्य वेळ कोणती? भारतीय पासपोर्ट मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून पुन्हा जारी करून घेता येतो. म्हणजे दार ५ ऑगस्ट २०२६ला उघडतं. सप्टेंबरमध्ये अर्ज केला, तर नवा पासपोर्ट हातात येऊन जुने शिक्के त्यात चढवायला फेब्रुवारीपर्यंत भरपूर अवधी मिळतो आणि एक्स्टेंशन पूर्ण वर्षाचं होतं. नव्या पासपोर्टची दहा वर्षं जारी झाल्याच्या तारखेपासून मोजतात, जुन्याचे उरलेले महिने त्यात मिळवत नाहीत. ते महिने वाया जातात म्हणून काहीजण अडून बसतात. माझ्या मते हा हिशेब चुकीचा आहे. दहा वर्षांतले काही महिने सोडून देणं परवडतं, अर्धवट एक्स्टेंशन परवडत नाही.

काहींच्या तारखा अशा जुळतात, की एक वर्षाची खिडकी उघडण्याआधीच एक्स्टेंशन येऊन ठेपतं. पासपोर्ट १ मार्च २०२८ला संपतोय आणि एक्स्टेंशन १० मार्च २०२७ला, अशी स्थिती असेल तर नऊ दिवस कमी मिळतील. ते मुकाट्याने घ्या आणि पासपोर्टचं काम त्याच वर्षी निवांतपणे उरका.

अर्ज कधी करू नये, हेही ठरवून ठेवा. एक्स्टेंशनच्या आधीचा महिना टाळा. प्रवासाचं तिकीट काढलेलं असेल तर परत येईपर्यंत थांबा. नव्वद दिवसांचा रिपोर्ट जवळ आला असेल तर तो आधी करून टाका, देय तारखेच्या १५ दिवस आधीपासून तो स्वीकारतात.

भारतात जाऊन करावा का?

हा प्रश्न सगळेच विचारतात, कारण गावी तर जायचंच असतं. भारतात अर्ज होतो, पण त्यासाठी तिथला सध्याचा पत्ता द्यावा लागतो आणि पोलीस पडताळणी निघाली तर पोलीस त्या पत्त्यावर येतात. तुम्ही वर्षभर तिथे राहत नसाल आणि शेजाऱ्याने सरळपणे तसं सांगितलं, तर अहवाल प्रतिकूल जाऊ शकतो. मग परतीची तारीख, थायलंडमधलं एक्स्टेंशन आणि री-एंट्री परमिट (बाहेर जाऊन परतताना एक्स्टेंशन टिकवणारा परवाना), सगळंच टांगणीला लागतं. तुम्ही खरोखर जिथे राहता तिथूनच अर्ज करणं सरळ आणि सुरक्षित आहे. भारतात दीर्घ मुक्काम असेल आणि तिथे तुमचं चालतं घर असेल, तरच तो पर्याय घ्या. तसं केलंत तर परतताना दोन्ही पासपोर्ट हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात टाकू नका. री-एंट्री परमिट जुन्यात असतं आणि विमानतळावर तेच दाखवावं लागतं.

अर्ज कुठे आणि कसा

थायलंडमध्ये भारताचा दूतावास बँकॉकला सुखुमवित सोई २३वर आहे आणि चियांग माईला वाणिज्य दूतावास आहे. उत्तरेकडच्या प्रांतांत राहणाऱ्यांनी आपला प्रांत कोणाच्या कार्यक्षेत्रात येतो हे आधी दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावं. पासपोर्टचे अर्ज घेण्याचं काम दूतावास बाहेरच्या एजन्सीला देतात आणि ही कंत्राटं बदलत असतात. म्हणून कोणी दिलेल्या जुन्या पत्त्यावर थेट जाऊ नका. एजन्सीचं नाव, पत्ता आणि अपॉइंटमेंटचा दुवा त्या दिवशी दूतावासाच्याच पानावरून घ्या.

अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, परदेशातल्या दूतावासांसाठी असलेल्या पासपोर्ट सेवा पोर्टलवर. भारतातल्या अर्जाचं पोर्टल वेगळं आहे. दिसायला दोन्ही सारखीच आहेत, त्यामुळे देश आणि दूतावास निवडण्याचा पहिला पडदा आला नाही तर तुम्ही चुकीच्या ठिकाणी आहात हे ओळखा. प्रकार निवडताना ‘नवीन’ नाही, ‘री-इश्यू’ निवडायचं. बोलताना आपण रिन्यू म्हणतो, पण जुन्याची मुदत वाढवून मिळत नाही. नव्या क्रमांकाचं नवं पुस्तकच येतं.

अर्ज भरताना जुना पासपोर्ट समोर उघडा ठेवा, पहिलं आणि शेवटचं अशी दोन्ही पानं. शेवटच्या पानावर आईवडिलांची नावं, जोडीदाराचं नाव आणि फाइल क्रमांक असतो. ही माहिती अक्षरन् अक्षर तशीच उतरवा. आपल्याकडे आडनाव, स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा पतीचं नाव असा तिपेडी प्रकार असतो. जुन्या पासपोर्टवर मधलं नाव कधी ‘गिव्हन नेम’मध्ये बसवलेलं असतं, कधी गाळलेलं असतं. तुमच्या पासपोर्टवर जसं आहे, तसंच ठेवा.

इथे जरा थांबून एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. इतक्या वर्षांनी पासपोर्ट नवा होतोय तर स्पेलिंग सुधारून घेऊ, आईचं नाव नीट करून घेऊ, लग्नाआधीचं आडनाव बदलून घेऊ, असं वाटणं स्वाभाविक आहे. परदेशात व्हिसावर राहत असताना हे करू नका. थायलंडमधलं तुमचं बँक खातं, भाडेकरार, गाडीचं लायसन्स, विमा पॉलिसी, इमिग्रेशनच्या संगणकातली नोंद, सगळं जुन्या नावावर उभं आहे. पत्नी किंवा पती तुमच्या एक्स्टेंशनवर अवलंबून राहत असेल तर विवाह प्रमाणपत्रावरचं नावही त्याच साखळीत येतं. एका अक्षराने नाव बदललं, की प्रत्येक खिडकीवर ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ हे सिद्ध करत हिंडावं लागतं. जन्मतारखेच्या दुरुस्तीचं तर विचारूच नका. पासपोर्ट जसा आहे तसा नवा करून घ्या. दुरुस्ती करायचीच असेल तर ती स्वतंत्रपणे करा, एक्स्टेंशन नुकतंच झालेलं असताना आणि हाताशी बरेच महिने असताना.

पानांची संख्या अर्जातच विचारतात. प्रौढांच्या साध्या पासपोर्टची परदेशातली मूळ फी ३६ पानांसाठी ७५ अमेरिकी डॉलर आणि ६० पानांसाठी १०० डॉलर आहे. दूतावास ती बाटमध्ये घेतो. वर समुदाय कल्याण निधीची छोटी रक्कम आणि एजन्सीचं सेवाशुल्क येतं. रिटायरमेंटवर राहणाऱ्यांनी ६० पानीच घ्यावा असं मला ठामपणे वाटतं. दरवर्षीचं एक्स्टेंशन, दरवर्षीचं री-एंट्री परमिट, भारताच्या फेऱ्यांचे चारचार शिक्के, शेजारच्या देशांचे पानभर व्हिसा, असं मिळून ३६ पानं दहा वर्षं पुरतीलच याची खात्री नसते. पानं संपली म्हणून मधेच नवा पासपोर्ट घ्यायचा, तर हा सगळा खटाटोप पुन्हा करावा लागतो.

फोटोच्या बाबतीत जुन्या सवयी सोडा. दोन इंच बाय दोन इंचांचा चौकोनी फोटो वर्षानुवर्षं चालायचा. आता आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकांप्रमाणे फोटो लागतो: पांढरी पार्श्वभूमी, चौकटीचा ८० ते ८५ टक्के भाग चेहऱ्याने व्यापलेला, दोन्ही डोळे उघडे, तोंड मिटलेलं, चेहऱ्यावर सावली नाही. चष्मा काढूनच फोटो काढा, काचेवरच्या चकाकीमुळे फोटो नाकारला जातो. घरी मोबाइलवर काढलेल्या फोटोत भिंत पांढरी दिसली तरी तिला पिवळट झाक असते. स्टुडिओत जा, भारतीय पासपोर्टसाठी हवा म्हणून सांगा आणि डिजिटल प्रतही मागून घ्या.

सहीची चौकट ज्येष्ठांसाठी त्रासाची ठरते. चौकट लहान असते, सही रेषेला लागून चालत नाही, आणि हात थरथरत असेल तर दहा वर्षांपूर्वीची सही उमटत नाही. जुन्या सहीची नक्कल करत बसू नका. आज जशी येते तशी, पण पुढे बँकेत आणि इमिग्रेशनमध्ये तशीच करता येईल अशी सही करा. सही जमतच नसेल तर अंगठा चालतो. पुरुषांनी डाव्या हाताचा, स्त्रियांनी उजव्या हाताचा, असं अर्जाच्या सूचनांतच असतं. ठसा पुसट उमटला तर अर्ज परत येतो, म्हणून शाई पातळ लावा आणि आधी कोऱ्या कागदावर एकदोन ठसे काढून पाहा.

कागदपत्रं फार नाहीत, पण प्रत्येकाची झेरॉक्स स्वतः सही करून हवी. मूळ पासपोर्ट, त्याच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत, थाई व्हिसा आणि चालू एक्स्टेंशनच्या शिक्क्याची प्रत, शेवटच्या प्रवेशाच्या शिक्क्याची प्रत आणि थायलंडमधल्या पत्त्याचा पुरावा. पत्त्यासाठी भाडेकरार, घराचं पिवळं पुस्तक (परदेशी रहिवाशाच्या घर-नोंदणीचं) किंवा इमिग्रेशनचा रहिवास दाखला, यांपैकी काय चालतं ते अपॉइंटमेंट घेतानाच विचारून घ्या. भाडेकरार थाईत असेल आणि इंग्रजी भाषांतर नसेल तर खिडकीवर अडतं. भारतातला पत्ता आणि आणीबाणीचा संपर्कही अर्जात द्यावा लागतो. तिथे असा माणूस द्या जो फोन उचलतो आणि तुम्ही थायलंडमध्ये राहता हे ज्याला ठाऊक आहे. दूतावासाला जुन्या नोंदींत काही शंका वाटली किंवा पासपोर्ट संपून बराच काळ लोटला असेल, तर भारतात पोलीस पडताळणी निघते, आणि तेव्हा या पत्त्याचा आणि या माणसाचाच आधार असतो.

भारतात आता चिप असलेले ई-पासपोर्ट निघू लागले आहेत. साधा पासपोर्ट त्याच्या मुदतीपर्यंत पूर्ण वैध आहे, त्यामुळे केवळ चिपसाठी लवकर बदलण्याचं कारण नाही.

पासपोर्ट दूतावासात असताना

अर्ज देताना एक प्रश्न नक्की विचारा: मूळ पासपोर्ट आजच परत मिळणार, की नवा येईपर्यंत इथेच राहणार? यावर पुढचे काही आठवडे अवलंबून असतात. तो तिथेच राहणार असेल तर जमा करण्याआधी प्रत्येक पान स्कॅन करा, कोरी पानं सोडून. पोचपावती आणि पासपोर्टच्या प्रती कायम जवळ बाळगा, कारण थायलंडमध्ये परदेशी माणसाला ओळख दाखवायला कधीही सांगितलं जाऊ शकतं. हॉटेल, देशांतर्गत विमान आणि बँकेतली मोठी कामं या काळात टाळा.

अर्जाची स्थिती पोर्टलवर फाइल क्रमांकाने बघता येते. बरेच दिवस काहीच हलत नसेल तर आधी दूतावासाच्या कॉन्सुलर विभागाला मेल करा. तिथूनही उत्तर आलं नाही तर परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टल आहे, त्यावर तक्रार नोंदवा. तिथे क्रमांक मिळतो आणि उत्तर द्यावं लागतं. अशा तक्रारीत राग ओतू नका. अर्जाची तारीख, फाइल क्रमांक आणि एक्स्टेंशन कधी संपतंय एवढं तीन ओळींत लिहिलेलं जास्त परिणामकारक ठरतं.

नवा पासपोर्ट हातात आल्यावर

खिडकीवरून हलण्याआधी तिथेच उभं राहून पासपोर्ट तपासा. नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, लिंग, मुदत. मग शेवटचं पान: जुन्या पासपोर्टचा क्रमांक, तो कधी आणि कुठे जारी झाला, हे तिथे छापलेलं असतं. ही एक ओळ थाई इमिग्रेशनच्या दृष्टीने फार मोलाची आहे, कारण जुन्या-नव्या पासपोर्टचा धागा तीच जोडते. तिथला क्रमांक जुन्या पुस्तकाशी अंकागणिक ताडून बघा. चूक असेल तर तिथल्या तिथे सांगितलेलं बरं, घरी गेल्यावर हेलपाटे वाढतात.

जुना पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून किंवा कोपरा कापून परत देतात. तो मागून घ्याच, त्याशिवाय पुढचं पाऊल टाकता येत नाही. व्हिसाची किंवा एक्स्टेंशनची पानं कापली गेली नाहीत ना तेही बघा. आणखी एक: काही इमिग्रेशन कार्यालयं नवा पासपोर्ट जुन्याच्या बदल्यात दिल्याचं दूतावासाचं पत्र मागतात. तुमच्या कार्यालयाची पद्धत आधी विचारून ठेवा, म्हणजे पत्रासाठी बँकॉकला दुसरी खेप पडणार नाही.

शिक्के नव्या पासपोर्टात चढवणं

बहुतेकांची गडबड इथे होते. नवा पासपोर्ट आला म्हणजे काम झालं असं समजून लोक एक्स्टेंशनच्या दिवशी दोन्ही पुस्तकं घेऊन जातात, आणि तिथे कळतं की आधी शिक्क्यांचं हस्तांतर, मग एक्स्टेंशन. रांग वेगळी, कधीकधी खिडकीही वेगळी. म्हणून नवा पासपोर्ट मिळाल्यावर लगेचच, एक्स्टेंशनची वाट न बघता, आपल्या प्रांताच्या इमिग्रेशन कार्यालयात जाऊन हे काम उरका. बँकॉकवाल्यांचं कार्यालय चेंग वत्ताना इथल्या सरकारी संकुलात आहे, पट्टायावाल्यांचं जोमतिएनला.

हस्तांतराचा एक पानी अर्ज तिथेच मिळतो आणि या कामाला सरकारी फी नाही. दोन्ही पासपोर्ट, दोन्हींच्या फोटोच्या पानाच्या प्रती, आणि जुन्यातल्या चार गोष्टींच्या प्रती लागतात: मूळ नॉन-इमिग्रंट व्हिसा, चालू एक्स्टेंशनचा शिक्का, शेवटच्या प्रवेशाचा शिक्का आणि घेतलं असेल तर री-एंट्री परमिट. तुमचा शेवटचा प्रवेश जुना असेल आणि टीएम-६चा कागद (पूर्वी देशात शिरताना भरायचं कार्ड) पासपोर्टला टाचलेला असेल तर तो काढू नका, तसाच राहू द्या. प्रत्येक प्रतीवर निळ्या शाईने सही करा. अधिकारी जुन्या नोंदी बघून नव्या पुस्तकात मूळ व्हिसाचा तपशील, शेवटच्या प्रवेशाची तारीख आणि किती तारखेपर्यंत राहण्याची परवानगी आहे ते शिक्क्यांनी आणि हाताने लिहून देतो.

हाताने लिहिलेलं नीट वाचा. थाई कागदपत्रांत बौद्ध सन असतो, इसवी सनात ५४३ मिळवून. २०२७ म्हणजे २५७०. शिक्क्यांवर बहुधा इसवी सनच असतो, पण जुन्या पुस्तकातून उतरवताना दिवस, महिना किंवा वर्षाचा अंक चुकू शकतो. परवानगीची शेवटची तारीख जुन्या पुस्तकातल्या तारखेशी जुळते का, हे खुर्चीवरून उठण्याआधी बघा. री-एंट्री परमिट हस्तांतरात राहून गेलं तर पुढच्या प्रवासात एक्स्टेंशन रद्द होण्याचा धोका असतो, आणि तसं झालं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून उभं करावं लागेल. मल्टिपल परमिटचे ३,८०० बाट आणि सिंगलचे १,००० बाट तुम्ही आधीच भरलेले असतात. ते पुन्हा भरायची वेळ येऊ देऊ नका.

त्याच फेरीत पुढच्या नव्वद दिवसांच्या रिपोर्टबद्दल विचारून घ्या. पासपोर्टचा क्रमांक बदलल्यावर पहिला रिपोर्ट ऑनलाइन जात नाही, तो टीएम-४७ हा फॉर्म भरून प्रत्यक्ष जाऊन करावा लागतो. त्यानंतरचे पुन्हा ऑनलाइन चालतात. देय तारखेनंतर सात दिवसांची सवलत असते, ती उलटली तर साधारण २,००० बाट दंड पडतो. घरमालकाने तुमच्या राहण्याची जी टीएम-३० नोंद केलेली असते, तीही नव्या क्रमांकाने करावी असं काही कार्यालयं म्हणतात. घरमालकाला आधीच कल्पना देऊन ठेवा.

मग बँक. दोन्ही पासपोर्ट आणि पासबुक घेऊन खातं असलेल्या शाखेत जा. एक्स्टेंशनच्या वेळी लागणारं बँकेचं पत्र आणि तुमचा पासपोर्ट यांत मेळ नसेल तर तिथे काम थांबतं, म्हणून बँकेचं काम एक्स्टेंशनच्या निदान महिनाभर आधी झालेलं हवं. मोबाइलचं सिमकार्ड, लायसन्स, आरोग्य विमा आणि रुग्णालयातली नोंद ही कामं सवडीने केली तरी चालतात. त्यातल्या त्यात विमा आधी करा. ओ-ए व्हिसावर (थायलंडबाहेरून काढून आणलेल्या दीर्घ मुदतीच्या रिटायरमेंट व्हिसावर) असलेल्यांना तर विम्याचे कागद एक्स्टेंशनलाही लागतात.

पती-पत्नी दोघेही इथे असाल तर दोघांच्या पासपोर्टच्या तारखा शेजारीशेजारी लिहून ठेवा. अवलंबून असलेल्या जोडीदाराचं एक्स्टेंशन मुख्य व्यक्तीच्या एक्स्टेंशनला बांधलेलं असतं, पण ते त्याच्या स्वतःच्या पासपोर्टच्या मुदतीलाही बांधलेलं असतं. दोघांचे पासपोर्ट सहाआठ महिन्यांच्या फरकाने संपत असतील आणि दोन्हींची एक वर्षाची खिडकी उघडली असेल, तर दोन्ही अर्ज एकदमच द्या.

भारतातली बाजू

अनिवासी भारतीयांच्या एनआरई-एनआरओ खात्यांच्या केवायसीत पासपोर्टच मुख्य कागद असतो, म्हणून नव्या पासपोर्टची प्रत बँकेला पाठवायला हवी. काही बँका ती दूतावासाकडून साक्षांकित करून मागतात. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावा लागतो, ८० वर्षांवरच्यांना ऑक्टोबरपासून देता येतो. अर्जाची वेळ त्या सुमाराला येत असेल तर साक्षांकन आणि हयातीचा दाखला ही दोन्ही कामं त्याच फेरीत करून घ्या. उतारवयात बँकॉकची एक फेरी वाचणं ही लहान गोष्ट नाही. जुन्या पासपोर्टात अमेरिकेचा दीर्घ मुदतीचा व्हिसा शिल्लक असेल तर तो पासपोर्ट जपून ठेवा. दोन्ही पुस्तकं सोबत नेली की तो व्हिसा चालतो.

उशीर झालाय किंवा पासपोर्ट हरवलाय

मुदत संपायला थोडेच महिने उरले असतील, तर प्रवासाचे बेत आधी रद्द करा. भारतीय नागरिकाला वैध पासपोर्टवर भारतात कधीही शिरता येतं, पण परतताना सहा महिन्यांपेक्षा कमी मुदत दिसली तर विमान कंपनी बोर्डिंग पास देताना अडवू शकते. तातडीची सेवा मिळते का ते दूतावासात विचारा. इमिग्रेशनमध्येही एक्स्टेंशन संपण्याच्या ३० दिवस आधीपासून अर्ज घेतात, काही कार्यालयं ४५ दिवस आधी. पोचपावती घेऊन आधी जा आणि परिस्थिती सांगा. मुदत उलटून ‘बघू काय होतं ते’ असं मात्र करू नका. ओव्हरस्टेला, म्हणजे परवानगीपेक्षा जास्त राहण्याला, दिवसाला ५०० बाट दंड आहे, कमाल २०,०००, आणि ९० दिवसांपेक्षा जास्त झाला तर स्वतःहून देश सोडणाऱ्यालाही एक वर्ष परत येता येत नाही.

पासपोर्ट हरवला असेल तर आधी पोलीस ठाण्यात तक्रार. भाषेची अडचण आली तर टुरिस्ट पोलिसांच्या ११५५ क्रमांकावर इंग्रजीत बोलता येतं. तक्रारीची मूळ प्रत दूतावासाला लागते आणि नंतर इमिग्रेशनलाही लागते, म्हणून दोनतीन शिक्का मारलेल्या प्रती मागा. हरवलेल्या किंवा फाटून-भिजून खराब झालेल्या पासपोर्टच्या जागी नवा घ्यायचा तर फी बरीच वाढते, ३६ पानांना १५० डॉलर आणि ६० पानांना १७५. पडताळणीमुळे वेळही जास्त लागतो. व्हिसा आणि एक्स्टेंशनच्या पानांचे स्कॅन तुमच्याकडे असतील, तर इमिग्रेशनमध्ये जुन्या नोंदी शोधून शिक्के पुन्हा मारून घेणं पुष्कळ सोपं होतं.

घरी काही गंभीर घडलं आणि तातडीने निघावंच लागलं, तर दूतावास आपत्कालीन प्रमाणपत्र देतो. त्यावर फक्त भारतात जाता येतं, परत येता येत नाही. म्हणून विमानतळ गाठण्याआधी, पोलीस तक्रार आणि ते प्रमाणपत्र घेऊन इमिग्रेशन कार्यालयात जा, तुमच्या राहण्याच्या परवानगीची नोंद करून घ्या आणि री-एंट्री परमिटचं काय करता येईल ते तिथेच स्पष्ट विचारा. आठ लाख बाट थाई खात्यातच राहू द्या, घाईत काढू नका.